आधी पुरंदर, मग आग्रा

दिनानाथ मास्तरांची नजर एकाएकी गेली नाही. आधी संध्याकाळची अक्षरं पुसट झाली, मग दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, मग दोन्ही बाजूंनी अंधार सरकत आला आणि एका वर्षी मधोमध येऊन मिळाला. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू आहे म्हणून सांगितलं, आणि यायला उशीर केलात म्हणूनही सांगितलं. सारी हयात पनवेलच्या शाळेत इतिहास शिकवण्यात घालवलेला माणूस पडवीतल्या खाटेवर बसला तो बसलाच. बायको त्याच्या आधीच गेली होती. थोरला महादेव भातगिरणीत कारकून. धाकटा काशिराम उरणकडे मिठागराच्या कचेरीत. शनिवारी यायचा आणि सोमवारी पहिल्या एसटीने परत जायचा. दुपारी महादेवाच्या मुली शाळेत गेल्या की वडाळे तळ्याजवळच्या त्या कौलारू घरात दोनच माणसं असायची. मास्तर, आणि थोरली सून गोदू.

गोदू चिरनेरची. चौथीपर्यंत शाळा झालेली, पण लग्न होऊन आल्यापासून तिने वाण्याच्या पुडीवरच्या कागदाशिवाय काही वाचलं नव्हतं. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता आणि "जेवायला वाढू का?" यापलीकडे फारसं बोलली नव्हती. पण म्हातारा दिवसभर नुसता भिंतीकडे तोंड करून बसलेला तिला बघवेना. एके दिवशी तीच वर्तमानपत्र घेऊन खाटेजवळ बसली आणि अडखळत, ठेचकाळत वाचायला लागली. मास्तर ऐकत राहिले. ती एका जोडाक्षराशी येऊन थबकली, तेव्हा म्हणाले, "फोड ते. सावकाश. घाई कसली आहे आपल्याला?"

गोदूला हे वाक्य कित्येक दिवस पुरलं. माहेरी आईने, सासरी सासूने, महादेवाने, मुलींनी, सगळ्यांनी तिला आजवर घाईच लावली होती. सावकाश म्हणणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता.

मग पत्र्याचा डबा निघाला. त्यात वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यांचे कापलेले तुकडे होते. एकेका तुकड्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात एकेक घटना: पानिपतची लढाई, मुंबई-ठाणे आगगाडी, वसईचा तह, पुण्यात प्लेग. सन कुठेच नाही. शाळेत असताना रोज तास संपायच्या आधी मास्तर डब्यात हात घालून पाच तुकडे काढायचे, फळ्याखालच्या पट्टीवर वेडेवाकडे मांडायचे आणि पोरांना म्हणायचे, लावा. आधीचं आधी, नंतरचं नंतर. 'रोजचे पाच' असंच नाव पडलं होतं त्याला. ज्याला जमेल त्याने पुढे येऊन लावायचे. नियम एकच, लावील त्याने वाचायचं नाही, दुसऱ्याने वाचायचं. कारण वाचताना माणूस आपली चूक ओळखतो आणि हळूच क्रम बदलून टाकतो.

आता दुपारच्या चहानंतर पडवीत चटईवर रोजचे पाच मांडले जाऊ लागले. दुसरं कोणी नसल्यामुळे गोदूच लावायची आणि गोदूच वाचायची. नियमाला तेवढी मुरड मास्तरांनी घातली. सनावळ्या तिच्या डोक्यात राहत नसत. तिची तऱ्हा वेगळी होती. पानिपत म्हणजे संक्रांतीचं. नारायणरावाला मारलं ते गणपतीत. मिठाचा सत्याग्रह आधी, चिरनेरच्या जंगलातला नंतर, हे तर तिला कोणी शिकवायलाच नको होतं. "मीठ चैतात उचललं, मामंजी. आन् आमच्याकडं गोळ्या सुटल्या तवा घट बसले हुते. आई दिवा इझू नये म्हनून देवापुढनं हालली नाय." मास्तर मान डोलवत ऐकायचे. पाचांतले कधी तीन जागेवर यायचे, कधी पाचही. "बरोबर," मास्तर म्हणायचे. तेवढ्या एका शब्दावर तिची संध्याकाळची भांडी, भाकऱ्या, मुलींच्या वेण्या, सगळं हलकं होऊन जायचं.

शेजारच्या सखूबाईने गल्लीत सांगितलं, की मास्तर सुनेबरोबर पत्ते कुटतात. गोदूच्या कानावर ते आलं आणि तिला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. सांगू दे. सखूबाईच्या सासऱ्याने तिला उभ्या जन्मात काही विचारलं होतं का?

अशी तीन-चार वर्षं गेली. अठ्ठावन्न सालच्या वैशाखात काशिरामचं लग्न झालं आणि वेणू घरात आली.

वेणू अलिबागची, मॅट्रिक झालेली. अंगाने सडपातळ, बोलणं स्वच्छ, आणि 'नाही'मधला 'ह' नीट उच्चारणारी. गोदूने तिला मनापासून ओवाळून आत घेतलं. घरात कामाला आणखी दोन हात आले, बोलायला माणूस मिळालं, असंच तिला वाटलं. पहिले काही दिवस चांगलेच गेले. वेणू आळशी नव्हती, उर्मट नव्हती. सुकटीची चटणी तर ती अशी करायची, की महादेवाने दोनदा मागून घेतली. गोदूने तेही हसून घेतलं.

मग एका दुपारी वेणू चहाचे कप उचलायला पडवीत आली. गोदू चटईवर पाच तुकडे घेऊन बसली होती आणि दोन तुकड्यांत अडकली होती. चिमाजीअप्पाने वसई घेतली ते, आणि वसईचा तह. गाव एकच, त्यामुळे गोंधळ.

"कोण आहे, धाकट्या सूनबाई का?" मास्तरांनी पावलांवरून ओळखलं. "बसा. तुम्ही बघा बरं."

वेणूने कप खाली ठेवले, पदर खोचला आणि उकिडवी बसून पाचही तुकडे लावून मोकळी झाली. गोदूचा हात अजून हवेतच होता.

"वाच गं गोदू."

गोदूने वाचलं. "मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला. पानिपत. वसईचा तह. पेशवाई बुडाली. मुंबई-ठाणे आगगाडी."

"तह कधीचा?" मास्तरांनी विचारलं.

"अठराशे दोन," वेणू म्हणाली. "डिसेंबरअखेर, मामंजी. एकतीस तारीख."

आणि मास्तर हसले. मोठ्याने, घसा मोकळा करून, डोकं मागे टाकून हसले. "तारीखसुद्धा! अगं, हे तर माझ्या पोरांपैकी एकालाही सांगता आलं नसतं." असं हसणं गोदूने या घरात एवढ्या वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने तुकडे गोळा करून डब्यात टाकले. एक खाली पडला तो तिने उगाच जोराने उचलला.

त्या दिवसापासून पडवीत दोघी बसायला लागल्या. एक दिवस गोदूने लावायचे नि वेणूने वाचायचे, दुसऱ्या दिवशी उलट. मास्तरांचा नियम आता नीट पाळता येत होता, याचाच त्यांना केवढा आनंद. पण गोदूची पाळी असली की तिचं सगळं चटकन उरकायचं. बरोबर का चूक, एवढंच. वेणूची पाळी आली की नुसतं लावण्यावर भागत नसे. मास्तर विचारायचे, तह कोणी केला, का केला, सालबाईच्या तहाशी त्याचा संबंध काय. वेणू उत्तरं द्यायची, कधी वादही घालायची. "पण मामंजी, आमच्या पुस्तकात तर असं होतं…" मास्तर खाटेवर पुढे सरकून बसायचे. म्हाताऱ्याच्या गालांवर रंग चढायचा. गोदू चटईच्या कडेचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसायची.

तिच्या मनात काय काय येई! रात्री महादेवाच्या ताटात भात वाढताना तिला वाटे, ही काही एवढी शहाणी नाही, पाठांतर आहे नुसतं. मग वाटे, आपल्याला तेवढंही पाठांतर नाही. मग वाटे, माझ्या बापाने मला चौथीतून काढली नसती तर! आणि मग बापाचाही राग येई, जो मरून कधीचा मातीला मिळाला होता. वेणूच्या चुका शोधायला ती टपूनच बसली. भाकरी करपली का, तांदूळ नीट निवडले का, अंगणातल्या रांगोळीचे ठिपके चुकले का. चुकायचं काही नाही. वेणूने एकदा दूध ऊतू घालवलं, तेव्हा गोदूला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली.

"घरात विदुषी आलीय म्हन," महादेव एकदा जेवताना हसून म्हणाला. "तात्या आज गिरणीपर्यंत आले हुते माझा हात धरून. वाटेत दुसरी गोष्ट नाय. वेणू असं म्हनली, वेणू तसं म्हनली."

"मंग तिलाच वाढायला सांगा," गोदू म्हणाली आणि आमटीची वाटी अशी ठेवली, की निम्मी ताटाबाहेर गेली.

पुढे मास्तरांनी नवे तुकडे करायचं काढलं. गोदूने पुठ्ठे कापून दिले. मास्तरांनी घटना सांगायच्या आणि वेणूने लिहायच्या, कारण वेणूचं अक्षर मोत्यासारखं. डबाही मग वेणूच्या खोलीतल्या फळीवर राहायला लागला. कोणी तो मुद्दाम हलवला नव्हता. लिहिणं तिथे व्हायचं म्हणून तो तिथे राहिला. पण गोदू त्या खोलीवरून जाताना फळीकडे बघायचं टाळू शकत नव्हती, जसं दुखऱ्या दाताला जीभ लागल्याशिवाय राहत नाही.

हे सगळं तिने गिळलं असतं. पण श्रावणात मास्तरांचे एक जुने सहकारी भेटायला आले. गोदू पोहे घेऊन बाहेर आली. मास्तर त्यांना सांगत होते, "निवृत्तीनंतर, या अशा अवस्थेत, मला विद्यार्थिनी मिळाली बघा. माझी धाकटी सून. असं डोकं मी तीस वर्षांत पाहिलं नाही."

"आणि या?" पाहुण्यांनी गोदूकडे बघून विचारलं.

"ही थोरली. हिच्यावर तर सगळं घर चाललंय," मास्तर म्हणाले. "पोहे खा, पोहे. हिच्या हाताला चव आहे."

गोदूने पोह्यांच्या बश्या ठेवल्या, पाण्याचे तांबे भरून ठेवले आणि मागच्या दारी येऊन केळीच्या आडोशाला उभी राहिली. हाताला चव. तीन वर्षं वर्तमानपत्राची ओळन् ओळ वाचून दाखवली, अग्रलेख कळत नसताना वाचले, बाजारभाव वाचले, कुणा जुन्या मित्राची निधनवार्ता ऐकताना म्हातारा रडला तेव्हा पाणी आणून दिलं. आणि हाताला चव! तिच्या पोटात असा जाळ पेटला, की तांब्याने पाणी ओतून तो विझणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लावायची पाळी वेणूची होती. वाचायची गोदूची.

वेणूने नेहमीसारखे पटापट तुकडे लावले. अफझलखानाचा वध. शाहिस्तेखानाची बोटं. पुरंदरचा तह. आग्र्याहून सुटका. राज्याभिषेक. तिसरीतल्या पोरानेही लावले असते असे.

"वाच, गोदू."

गोदूने वाचलं. अफझलखान वाचलं, शाहिस्तेखान वाचलं. मग तिच्या तोंडून आलं, "आग्र्याहून सुटका." आणि मग, "पुरंदरचा तह." ठरवून आली नव्हती ती. जीभ जणू आपली आपणच वळली. वळल्यावर मात्र तिने ती मागे घेतली नाही. "राज्याभिषेक," तिने स्वच्छ आवाजात शेवट केला.

वेणूने मान वर करून तिच्याकडे बघितलं. गोदूने नजर तुकड्यांवरच ठेवली.

"अगं वेणू!" मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुरंदरचा तह झाला म्हणून तर महाराजांना आग्र्याला जावं लागलं. आधी पुरंदर, मग आग्रा. हे कसं चुकलं तुझं?"

आता ही बोलणार. आता सगळं उघडं पडणार. पण वेणू म्हणाली, "चुकलं खरं, मामंजी."

त्या संध्याकाळी गोदूने भाकऱ्या थापताना गाणं गुणगुणलं. तिला स्वतःला ते कळलंही नाही. थोरल्या मुलीने "आई, काय झालंय?" म्हणून विचारलं तेव्हा कळलं.

एकदा चोराला वाट सापडली की ती पायाखालची होते. पुढच्या वेळी गोदूने पेशवाई बुडाल्यावर वसईचा तह वाचला. त्याच्या पुढच्या वेळी सत्तावन्नचं बंड आगगाडीच्या आधी घातलं. मधे एखादा दिवस खरं वाचायची, म्हणजे संशय येऊ नये. वेणू दर वेळी बघायची आणि गप्प बसायची. "चुकलं, मामंजी." तोच शांत आवाज. आणि गोदूच्या पाळीला वेणू मात्र अक्षरनअक्षर खरं वाचायची. गोदूचं बरोबर आलेलं बरोबर म्हणून वाचायची.

आता पुढे असं व्हायला हवं होतं, की मास्तरांनी गोदूकडे वळावं. गोदूने मनात तसंच धरलं होतं. पण मास्तर कोणाकडेच वळले नाहीत. ते आत आत जायला लागले. पहाटे खाटेवर बसून ते काहीतरी पुटपुटत असत. गोदूला आधी वाटलं, स्तोत्र म्हणताहेत. जवळ गेली तेव्हा ऐकू आलं: "सोळाशे पासष्ट पुरंदर. सहासष्ट आग्रा. पासष्ट… सहासष्ट…" महादेव अंघोळीला निघाला की त्याला थांबवून विचारायचे, "महादू, आगगाडी आधी ना रे? बंड नंतर ना?" महादेव म्हणायचा, "काय की तात्या, मी काय तवा हुतो का?" आणि हसत जायचा. मास्तर हसायचे नाहीत.

चहा निवून जायला लागला. जेवताना घास हातात तसाच राहायचा. एका दुपारी गोदू वर्तमानपत्र घेऊन बसली, तर त्यांनी हात वर केला. "राहू दे आज. गोदू, एक विचारू? खरं सांगशील?"

"काय, मामंजी?"

"माझं डोकं जायला लागलंय का गं? डोळ्यांसारखं?"

गोदूने वर्तमानपत्राची घडी घातली.

"वेणू एवढी चुकणारी मुलगी नाही. एकदा चुकेल. सारखी सारखी, आणि तीही असल्या गोष्टींत? मग मला वाटतं, चुकत तीच आहे कशावरून? माझ्या मनात जो क्रम आहे तोच उलटा झाला असेल तर? माझ्या वडलांचं शेवटी असंच झालं होतं. आधी तिथी विसरले. मग आम्हाला विसरले. शेवटी आईला म्हणायचे, बाई, तुम्ही कोणाच्या?" मास्तरांनी आपले दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे ठेवले, जणू रिकामे आहेत हे दाखवायला. "डोळे गेले तेव्हा मी म्हटलं, जाऊ देत. सगळं आत आहे, ओळीने लावलेलं. ते कुठे जात नाही. आता तेही… तो डबा माळ्यावर टाक गोदू. पुरे झालं ते."

गोदू उठली ती सरळ विहिरीवर गेली. वेणू तिथे धुण्याचा पिळा घेऊन उभी होती. दुसरं कोणी नव्हतं.

"तू गप का राह्यलीस?" गोदूने विचारलं. "मी खोटं वाचत हुते. तुला ठावं हुतं. तोंड का नाय उघडलंस?"

वेणूने पिळा बादलीत टाकला. तिच्या चेहऱ्यावरचा शांतपणा गोदूने पहिल्यांदाच फाटताना बघितला.

"पहिल्या दिवशी वाटलं, वाचताना चूक झाली असेल. दुसऱ्यांदा कळलं. तेव्हा मला इतका राग आला वहिनी, की सांगता सोय नाही. ओरडून सांगावंसं वाटलं. पण म्हटलं, नको. करू देत. किती दिवस करताय बघू. एक ना एक दिवस मामंजींच्या लक्षात येईल आणि तुमची तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मी वाटच बघत होते." ती थांबली. "मी काही देवी नाही. तुमच्या पाळीला खरं वाचायचे ना, तेसुद्धा तुम्हाला टोचावं म्हणूनच."

हिच्या पोटातही जाळ होता तर. तिला त्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"तिकडं त्यांना वाटतंय त्यांचं डोकं गेलं," ती म्हणाली. "डबा माळ्यावर टाकाय सांगितला."

वेणूचा हात तोंडाशी गेला. "अगं बाई! हे असं होईल असं नव्हतं हो वाटलं मला."

"सांगायला हवं."

"हो."

दोघी विहिरीच्या काठावर उभ्या राहिल्या. रहाटाच्या दोरातून पाणी ठिबकत होतं.

"तुम्हीच सांगा," शेवटी वेणू म्हणाली. "मी सांगितलं तर चुगली होईल. तुम्ही सांगितलंत तर… काय होईल ते माहीत नाही. पण चुगली नाही होणार."

गोदूने डबा माळ्यावर टाकला नाही. ती तो घेऊन पडवीत आली आणि खाटेच्या पायाशी बसली. तुकड्यांचा खुळखुळ ऐकून मास्तर वैतागले. "सांगितलं ना तुला, गोदू—"

"मामंजी, तुमचं डोकं ठीक हाय," गोदू म्हणाली. "वेणू एकदाबी चुकली नाय. मी खोटं वाचलं."

मास्तरांनी विचारलं, "कुठलं कुठलं?"

"आँ?"

"कुठलं कुठलं खोटं वाचलंस? एकेक सांग."

गोदूने सांगायला सुरुवात केली. तिला एकेक आठवत होतं. विसरायची काही सोयच नव्हती. "पुरंदरच्या आधी आग्रा वाचलं." मास्तर म्हणाले, "आधी पुरंदर, मग आग्रा." "पेशवाई बुडाल्यावर तह वाचला." मास्तर म्हणाले, "तह अठराशे दोन, पेशवाई अठराशे अठरा." "बंड आगगाडीच्या आधी घातलं." "आगगाडी त्रेपन्न, बंड सत्तावन्न." दर वेळी त्यांचा आवाज थोडा वर येत होता आणि पाठीचा कणा थोडा सरळ होत होता. बुडणारा माणूस एकेका दगडावर पाय टेकत किनाऱ्याला यावा, तसे ते येत होते. गोदू ते बघत होती आणि रडत होती. शेवटचं सांगून झालं तेव्हा त्यांनी एवढा मोठा श्वास घेतला, की खाट करकरली.

आणि मग, पाय जमिनीला लागल्यावर, राग आला.

"का केलंस?"

"त्या दिवशी तुमी तिला विद्यार्थिनी म्हनलात. पाव्हण्यांसमोर. आन् मला म्हनलात, हाताला चव हाय."

"म्हणजे?" मास्तरांना खरंच कळलं नाही. ते गोंधळून तिच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. "मग? त्यात वाईट काय म्हटलं मी?"

गोदूने पदराने तोंड पुसलं.

"माझ्या डोळ्यांच्या जागी बसवलं होतं तुला," मास्तर हळू म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू सांगशील ते आहे, तू सांगणार नाहीस ते नाही. असं धरून चाललो होतो मी. जा आता आत."

ही गोष्ट घरात तिघांपलीकडे गेली नाही. मास्तरांनी महादेवाला सांगितली नाही, काशिरामलाही नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं तेव्हा त्यांनी हाक मारली ती वेणूला. गोदू चुलीपाशी बसून ऐकत राहिली. वेणू भराभर वाचायची. कुठे अडखळणं नाही, जोडाक्षरापाशी थांबणं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं वर्णन तर तिने असं वाचलं, की जणू स्वतः सभेला जाऊन आली आहे. आधी गोदू जळत होती तेव्हा आपल्यावर अन्याय होतोय एवढा तरी आधार होता. आता तोही उरला नव्हता. जळायचं, आणि जळायचा हक्क नाही हेही समजून घ्यायचं. फोडणी करपली तरी तिला उठून कढई उतरवायचं सुचत नसे.

नवरात्र गेलं, दिवाळी झाली. एका दुपारी मास्तरांनी चहा संपवला आणि म्हणाले, "डबा आणा. दोघीही या."

दोघी येऊन बसल्या. गोदू अंग चोरून, उंबऱ्यापाशी.

"एक नवा नियम," मास्तर म्हणाले. "लावणारी लावेल. दुसरी वाचेल. आणि तिचं झालं की लावणारीनेही तेच पुन्हा वाचायचं. दोन्ही जुळलं की मग मी बोलणार."

गोदूला समजलं. हा नियम दोघींसाठी होता, असं वरून दिसत होतं. पण कोणासाठी आहे हे तिघांनाही माहीत होतं. तिने मान खाली घातली आणि वाचलं. मग वेणूने तेच वाचलं. जुळलं. "बरोबर," मास्तर म्हणाले.

असं रोज चाललं. गोदूने वाचायचं, की मागून वेणूच्या आवाजात त्याची तपासणी. रोज तिला वाटायचं, उद्यापासून काम आहे म्हणून सांगावं आणि मागच्या दारी जाऊन बसावं. पण दुपार झाली की ती यायची. आली नाही तर पडवीत दोघंच राहतील, ही कल्पना तिला अपमानापेक्षा जड होती. वेणू दुसरं वाचन करायची तेव्हा ते हलक्या आवाजात, उरकल्यासारखं करायची. गोदूला त्याचाही राग यायचा. दया कोणी मागितली होती? एकदा भांडी घासताना ती म्हणालीसुद्धा, "मोठ्यानं वाचत जा. चोरल्यासारखं नको वाचू." वेणूने राखेचा हात थांबवला आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसली. "बरं. उद्यापासून ओरडून वाचते." त्यावर गोदूलाही हसू फुटलं. पण ते तेवढ्यापुरतंच.

थंडी ओसरत आली होती. आंब्याला मोहोर धरला होता आणि पडवीत त्याचा वास येत होता. त्या दिवशी तुकडे जरा कठीण निघाले होते. खर्ड्याची लढाई, सवाई माधवरावाचा मृत्यू, सालबाईचा तह, नारायणरावाचा खून, वसईचा तह. वेणूने विचार करून लावले. खर्डा आणि सवाई माधवराव एकाच सालातले, तिथे तिचा हात घुटमळला. मग तिने खर्डा आधी ठेवला.

गोदूने वाचलं. प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून, सावकाश. नारायणरावाचा खून. सालबाईचा तह. खर्ड्याची लढाई. सवाई माधवरावाचा मृत्यू. वसईचा तह.

वेणूने नेहमीप्रमाणे घसा साफ केला आणि वाचायला तोंड उघडलं, "नारायणरावाचा—"

"पुरे," मास्तर म्हणाले. त्यांनी हात वर केला होता. "ऐकलं मी."

वेणू थांबली. गोदूचं बोट शेवटच्या तुकड्यावर तसंच राहिलं.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले आणि खाटेवर पुढे सरकले. "शाब्बास, वेणू! खर्डा आधी हे तू कसं ठरवलंस, सांग बघू." आणि वेणू सांगायला लागली. मार्चमधली लढाई, ऑक्टोबरमधला मृत्यू. मास्तरांच्या गालांवर तो जुना रंग चढला.

गोदूच्या पोटात दुखलं. अगदी पूर्वीसारखंच दुखलं, त्याच जागी. ती उठली नाही. चटईवर बसून तिने सगळं ऐकून घेतलं, आणि वेणू श्वास घ्यायला थांबली तेव्हा म्हणाली, "मामंजी, उद्या लावायची पाळी माझी हाय. कठीणच काढा."